रुजू होतानाच वीस दिवसांची रजा

2024 च्या फेब्रुवारीत मी नोकरी बदलायचं मनावर घेतलं आणि त्याच आठवड्यात आई म्हणाली, "यंदाची माझी शेवटची पायी वारी. पुढच्या वर्षी गुडघे नेणार नाहीत. तू चल बरोबर." माऊलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरला ती वीसहून जास्त वर्षं चालत आली आहे. 2020 आणि 2021 ला पादुका एसटीने गेल्या, तेवढ्या दोन वारी तिने घरात बसून काढल्या आणि त्या दोन्ही वर्षी ती आषाढभर गप्प गप्प होती. आईने माझ्याकडे आजवर फार थोडं मागितलंय. मी लगेच हो म्हणाले.

मग पंचांग काढलं. प्रस्थान 29 जून, आषाढी एकादशी 17 जुलै, द्वादशीला उपास सोडून परतायचं. म्हणजे 29 जून ते 18 जुलै, पुरते 20 दिवस. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते, नोटीस पीरियड 60 दिवसांचा. मार्च-एप्रिलमध्ये कुठे काम जमलं तर नव्या जागी रुजू व्हायची वेळ नेमकी जूनअखेर येणार होती. जुन्या ठिकाणी माझ्या हक्काची रजा शिल्लक होती, नव्या ठिकाणी पाटी कोरी.

नव्या माणसाला रजेचा हक्क जवळपास नसतो, हे तेव्हा मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 प्रमाणे वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. रुजू होऊन पाच दिवस झालेल्या बाईला त्यातलं काही लागू नाही. मिळेल ते कंपनीच्या मर्जीवर. म्हणून प्रश्न एवढाच उरला, की मर्जी विचारायची कधी.

पहिल्या कंपनीत मी फारच लवकर विचारलं. एचआरच्या मुलीचा नुसता चौकशीचा फोन होता. सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, कधी येऊ शकता. 'कधी येऊ शकता' ऐकलं आणि मी सगळं सांगून टाकलं, वारी, आई, वीस दिवस. माझं काम तिने अजून पाहिलेलंही नव्हतं. "बरं मॅडम, कळवते," म्हणाली. पुन्हा फोन आला नाही. तो रजेमुळेच आला नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ज्या माणसाला मी कोण हे ठाऊक नाही, त्याच्या कागदावर माझ्या नावापुढे पहिली नोंद 'जुलैत नाही' अशी पडली, एवढं खरं.

दुसऱ्या ठिकाणी मी उलट टोक गाठलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तीन फेऱ्या झाल्या, सगळं छान झालं, मी तोंडातून अक्षर काढलं नाही. ऑफर लेटर आलं, सही करून पाठवलं आणि दोन दिवसांनी फोन करून रजेचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या बाई म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत? जुलैत आमची नवीन लाइन सुरू होतेय, त्यासाठीच तर तुम्हाला घेतलं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. रजा देता येणार नाही, विचार करून कळवा, म्हणाल्या. मी अजून राजीनामा दिला नव्हता, हे माझं नशीब. मी नको म्हणून कळवलं. माझी रजा त्यांना परवडणार नव्हती, हे त्यांना सहीआधी कळायलाच हवं होतं. त्यांची दोन महिन्यांची शोधाशोध मी वाया घालवली.

पाडव्याला आईने दिंडीत दोघींची भिशी भरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वारीतल्या जेवणाखाणाचे आणि मुक्कामाच्या तंबूचे पैसे दिंडीत आधी जमा करतात, त्याला भिशी म्हणतात. पैसे भरून आल्यावर आईने तुळशी वृंदावन माळ्यावरून काढलं आणि ओट्यावर चिंच-मिठाने घासायला बसली. पितळेला आतून चमक येईपर्यंत घासत होती. मी बाजूला लॅपटॉपवर तिसऱ्या कंपनीच्या मुलाखतीची तयारी करत होते. आता माघार नाही, हे त्या आवाजानेच मला कळलं.

तिसऱ्या ठिकाणी मी आधीच ठरवून गेले. पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त कामाचं बोलायचं. नोटीस किती, तर 60 दिवस. तेवढं उत्तर पूर्ण आहे, त्यात लपवाछपवी नाही. ते मला पारखत होते, मी त्यांना पारखत होते आणि कुणी कुणाला हो म्हटलेलं नव्हतं. पण कोणी थेट विचारलं असतं, की जून-जुलैत काही अडचण आहे का, तर तिथेच सांगणार होते. थेट प्रश्नाला आडवळणाचं उत्तर द्यायचं नाही, एवढं दुसऱ्या कंपनीने मला शिकवलं होतं.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात एचआरच्या सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचं सिलेक्शन झालंय. पगाराचं बोलून घेऊ, मग लेटर काढतो." हाच तो क्षण होता. त्यांचा होकार आला होता आणि कागद निघायचा होता.

मी आधी पगाराचं संपवलं. हे मी मुद्दाम केलं आणि कोणी विचारलं तर हेच सांगते. रजा आधी काढली की पगाराच्या बोलण्यात ती आपल्या अंगावर येते, 'रजा पण देतोय ना तुम्हाला' असं होतं. आकडा ठरला, दोघांनीही पुन्हा उच्चारून पक्का केला. मग मी म्हणाले, "सर, लेटर काढायच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे. 29 जून ते 18 जुलै मी वारीला जाणार आहे, आईबरोबर. पैसे भरलेले आहेत. बिनपगारी चालेल. तुमचं अडणार असेल तर आत्ताच सांगा, मी अजून राजीनामा दिलेला नाही."

ते म्हणाले, "वारी जूनमध्येच संपते ना? गेल्या वर्षी 29 जूनला एकादशी होती, मला आठवतंय, बकरी ईदही त्याच दिवशी होती."

बरोबरच होतं त्यांचं. पण वारी तिथीने येते. 2023 ला अधिक श्रावण आला, म्हणून 2024 ची आषाढी 17 जुलैला गेली. हे मी समजावलं तेव्हा त्यांच्या बोलण्यातला संशय गेला. तारखा पाठ असणं आणि त्या का बदलल्या हे सांगता येणं, याने फरक पडतो. रजा मागणारा माणूस ऐनवेळी आणखी चार दिवस वाढवणार नाही, अशी समोरच्याची खात्री पटते.

"प्लँट हेडना विचारून सांगतो," म्हणाले. संध्याकाळी फोन आला, "रुजूच 19 जुलैला व्हा. आमची सिस्टीम सोपी राहील, तुम्हालाही टेन्शन नाही."

मला इतकं हलकं वाटलं की आईला हाक मारून सांगितलं. रात्री मात्र डोळा लागला नाही. जुन्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईचं नाव होतं. माझा तिथला शेवटचा दिवस 21 जून. त्या दिवशी विमा संपला, की 19 जुलैपर्यंत आईला कसलंही छत्र नाही. आणि हे चार आठवडे म्हणजे तेच, ज्यांत ती दुखऱ्या गुडघ्यांनी पावसापाण्यात अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणार. नोकऱ्यांच्या मधल्या खंडात पगार बुडतो हे सगळ्यांना दिसतं, विमा बुडतो हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. माझ्याही आलं नव्हतं.

सकाळी मी पुन्हा फोन केला आणि विम्याचं खरं कारण सांगितलं. मी 24 जूनला रुजू होते, पाच दिवस काम करते, मग 20 दिवस बिनपगारी रजा. त्यांना दोन दिवस लागले. उत्तर आलं ते अटीसह, प्रोबेशन सहा महिने अधिक 20 दिवस. मी आनंदाने हो म्हटलं. मागणं माझं होतं, तर थोडं सोसणंही माझ्याकडे येणारच.

लेटरमध्ये रजेचा उल्लेख करता येत नाही, तसा कॉलमच नसतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मेल चालेल. त्याच संध्याकाळी मीच चार ओळींचा मेल लिहिला. तारखा, बिनपगारी, प्रोबेशन वाढणार, विमा 24 जूनपासून. 'बरोबर आहे' एवढं उत्तर मागितलं. ते आल्यावर सही केली आणि 22 एप्रिलला जुन्या जागी राजीनामा दिला.

तो मेल कामाला आला. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी माझे साहेब पुढच्या महिन्याच्या इनकमिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीचा तक्ता लावत होते आणि प्रत्येक आठवड्यात माझं नाव होतं. "सर, मी शनिवारपासून रजेवर आहे." त्यांनी मान वर केली, "कुठली रजा?" एचआर आणि प्लँट हेड यांच्यात ठरलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी मेल उघडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, तक्त्यावर खोडरबर फिरवला आणि म्हणाले, "मला कोणीतरी सांगायला हवं होतं." त्यांचं चुकलं नव्हतं. माझं मात्र चुकलं. पहिल्याच दिवशी मी स्वतः त्यांच्यापाशी जाऊन सांगायला हवं होतं. रजा मंजूर करणारे वेगळे असतात आणि ती निभावून नेणारे वेगळे.

29 जूनला संध्याकाळी आम्ही आळंदीत होतो.

2 जुलैला दिवे घाट. पुण्याहून सासवड हा वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा. घाटाच्या अर्ध्यावर आईचा डावा गुडघा धरला. ती कठड्याला टेकली, वृंदावन माझ्या हातात दिलं, लुगड्याचा काठ वर करून गुडघ्याला दोन्ही तळव्यांनी चोळत राहिली. टाळांचा आवाज वर वळणावर निघून गेला. "दिंडी गाठू ना आपण?" एवढंच तिने विचारलं. पाच-सात मिनिटांनी उठली. गाडीत बस म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अंधार पडता पडता सासवडला पोचलो, तेव्हा फोनवर मेडिक्लेमचं कार्ड येऊन पडलं होतं, त्यावर आईचं नाव. ते वापरायची वेळ आली नाही. रस्त्यातल्या दवाखान्याच्या गाडीतून मिळालेल्या मलमावर आणि पट्टीवर ती पंढरपूरला पोचली.

19 जुलैला सकाळी मी गेटवर कार्ड पंच केलं. साहेबांसाठी कागदाच्या पुडीत बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद नेला होता. त्यांनी बुक्का कपाळाला लावला आणि मग थकलेल्या तपासण्यांची यादी माझ्यासमोर ठेवली. त्या महिन्याचा पगार निम्म्याहून कमी आला, तो आधीच हिशोबात धरलेला होता.

जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं, त्याच दिवशी मी साहेबांना सांगून टाकलं, "सर, यंदा प्रस्थान 19 जूनला आहे. मला 22 तारखेचा एकच दिवस हवाय. रविवार आहे, पण त्या दिवशी ओव्हरटाइमला बोलवू नका."

"आणि आई?"

"चालणार नाही. पण दिवे घाटाच्या वर, पालखी जिथे दिसते तिथे तिला खुर्ची टाकून बसवणार आहे."

त्यांनी 22 तारखेवर पेनाने गोल केला.