सातारा ते वासोटा: कुठल्या टप्प्यावर कुठला नकाशा, कुठलं पुस्तक

मार्ग नेहमीचाच. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट, कास पठार, बामणोलीला मुक्काम, सकाळी लाँचने शिवसागर (कोयना धरणाचा तलाव) ओलांडून वासोटा किल्ला आणि संध्याकाळच्या आत परत. पावसाळा संपून वाटा उघडल्यावर केलेली ही फेरी आहे. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीटं (डोंगरांचे चढउतार दाखवणारे सरकारी नकाशे), फोनमधले ऑफलाइन नकाशे, उतरवून घेतलेला एक जीपीएक्स ट्रॅक (आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) आणि गडकिल्ल्यांच्या दोन मार्गदर्शिका होत्या. वासोट्याची वर्णनं ढिगाने मिळतात, ती इथे पुन्हा देत नाही. यातलं कुठलं साधन कुठे उपयोगी पडतं आणि कुठे तोंडघशी पाडतं, तेवढंच लिहितो.

निवड करताना ‘सगळ्यात चांगला नकाशा कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. या मार्गावर चुकायला होतं कुठे, ते आधी बघावं आणि त्या जागेसाठी साधन घ्यावं. इथे अशा जागा तीन: धुक्यातलं पठार, बामणोलीच्या आसपास जुळणारे टोपोशीटांचे काठ आणि जंगलातला फाटा.

सुरुवात टोपोशीटच्या क्रमांकापासून, कारण चुकीचं शीट विकत घेणं किंवा उतरवणं हा सर्रास होणारा प्रकार आहे. जुन्या पद्धतीत ४७ हा ४ अंश बाय ४ अंशांचा मोठा तुकडा. त्यातला १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश हा चौकोन म्हणजे ४७ जी. त्याचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा तुकडे पडतात आणि त्यांचे आकडे वरून खाली जातात: पहिल्या उभ्या पट्टीत १ ते ४, दुसरीत ५ ते ८, असे. आडवे मोजलेत की गणित चुकलंच. या हिशोबाने वाई ४७ जी/१३ वर येते, महाबळेश्वर आणि प्रतापगड ४७ जी/९ वर, पाटण ४७ जी/१५ वर आणि कराड पलीकडच्या ४७ के/३ वर. सातारा शहराची गंमत अशी की ७४ रेखांश शहरावरूनच जातो, त्यामुळे गावाचा पश्चिमेकडचा भाग ४७ जी/१४ वर आणि पूर्वेकडचा ४७ के/२ वर. कासच्या बाजूला जाणाऱ्याला फक्त १४ पुरतं. जरंडेश्वरकडे जायचं असेल तर दुसरं शीट लागेल.

बामणोलीची अडचण याहून मोठी. ७३ अंश ४५ मिनिटं रेखांश आणि १७ अंश ४५ मिनिटं अक्षांश जिथे छेदतात तिथे ९, १०, १३ आणि १४ ही चार शीटं एकमेकांना भिडतात, आणि बामणोली त्या कोपऱ्याच्या अगदी जवळ आहे. गाव १४ वर, वासोटा १० वर, तापोळा ९ वर. एकच शीट घेऊन गेलात तर लाँच निघाल्यावर थोड्याच वेळात नकाशा संपतो. १० आणि १४ शेजारी जोडून घ्या. एकाचा उजवा समास कात्रीने काठोकाठ कापायचा आणि दुसऱ्याच्या डाव्या काठावर पारदर्शक टेपने चिकटवायचा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आणि तलावाचा काठ दोन्ही बाजूंनी जुळला की जोड बरोबर. कागदाच्या कडा जुळवत बसू नका, छपाईत त्या तिरक्या असतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी ‘ओपन सीरीज’ नकाशे वेगळे झाले. त्यांचा क्रमांक आपल्या भागात ‘ई ४३’ ने सुरू होतो आणि ते डब्ल्यूजीएस-८४ या, जीपीएस वापरतं त्याच मोजणीच्या प्रणालीवर आहेत, म्हणजे फोनचे अक्षांश-रेखांश थेट जुळतात. १:५०,००० चे हे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात घेता येतात. जुनी शीटं मात्र एव्हरेस्ट प्रणालीची. फोनवरचे आकडे त्यांच्यावर तसेच टाकले तर आपल्याकडे जागा साधारण शंभर ते दीडशे मीटरने सरकते. मोकळ्या माळावर याने काही बिघडत नाही. धारेच्या कोणत्या बाजूची घळ, एवढ्यावर प्रश्न आला की बिघडतं.

छपाईत लोक हमखास फसतात ते दुकानातल्या ‘पानात बसवा’ या पर्यायामुळे. शीटचा नकाशाचा भाग साधारण ५३ बाय ५५ सेंटीमीटर असतो. तो ए-४ वर दाबून छापला की समासात १:५०,००० लिहिलेलं तसंच राहतं, प्रमाण मात्र निम्म्याहून खाली येतं. प्लॉटर (मोठे कागद छापणारं यंत्र) असलेल्या दुकानात जा, शंभर टक्के आकाराने छापायला सांगा आणि दुकानातच पट्टीने पट्टीप्रमाण (शीटवर छापलेली किलोमीटरची पट्टी) मोजा: ५ किलोमीटर बरोबर १० सेंटीमीटर भरले पाहिजेत. इंकजेटची शाई घामाने आणि लाँचवर उडणाऱ्या पाण्याने पसरते, लेझरची टिकते. घडी अशी घाला की त्या दिवसाचा मार्ग वरच्या बाजूला येईल, आणि ती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. वाऱ्यात पूर्ण शीट उघडायची वेळ आली की नकाशा बघायचा धीर सुटतो, मग माणूस फोनकडे वळतो.

आता पठार. कास बाराशे मीटरच्या आसपास आहे आणि टोपोशीटवर समोच्च रेषा दर २० मीटरला. सपाट कातळावर एक रेष ओलांडायलाही बरंच चालावं लागतं, त्यामुळे आकार बघून जागा ओळखायची युक्ती इथे चालत नाही. त्यात जांभ्याच्या कातळावर वाट मळत नाही, तिच्या जागी चारी दिशांना ढोरवाटा. शीटवर तुटक रेषेने दाखवलेली पायवाट आणि पायाखालची वाट एकच आहे याची खात्री धुक्यात देता येत नाही. इथे कामाला येतं होकायंत्र आणि काठावरची खूण: डांबरी रस्ता, कास तलावाचा बांध, पठाराची कडा. निघतानाच ठरवून ठेवा, ‘काहीच कळेना तर अमुक दिशेला चालत राहायचं, रस्ता लागेल’. साताऱ्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक पडत नाही, म्हणून समासातली दुरुस्ती सोडून दिली तरी चालतं. फुलांच्या दिवसांत आखून दिलेल्या वाटेबाहेर पाय टाकायचा नसतो, तेव्हा नकाशा बघून आडवं तोडायचा विचारही नको.

फोनमधल्या नकाशांबद्दल थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारखी अॅप साताऱ्यातच पूर्ण भागासह उतरवून घ्या, कासच्या पुढे नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी वाचते. शोधताना नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही टाकून बघा. बामणोलीचं रोमन स्पेलिंग जो तो आपल्या मनाने करतो. गूगलचा नकाशा घाटरस्ता आणि मुक्कामाची जागा शोधायला उत्तम, पायवाटेला जवळपास निरुपयोगी.

दुसऱ्याचा जीपीएक्स ट्रॅक घेताना तो आधी मोठा करून बघा. मध्येच फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ रेष दिसली तर तिथे सिग्नल गेला होता किंवा नोंद थांबली होती. वासोट्याच्या ट्रॅकवर पाण्यावरची सरळ रेष लाँचची, तिचं काही नाही. जंगलातली सरळ रेष धोक्याची, कारण अॅप तिलाच वाट समजून ‘इकडे वळा’ म्हणतं. दाट झाडीत ट्रॅक नागमोडी थरथरतो, तेव्हा रेषेपासून वीस-तीस मीटर बाजूला दिसलात म्हणून पायाखालची मळलेली वाट सोडू नये. ट्रॅकची तारीखही बघा. तलाव भरलेला असताना लाँच जिथे लावतात ती जागा आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरची जागा वेगळी असते. एप्रिल-मेमध्ये काठ खाली सरकतो आणि नकाशावर निळ्या दिसणाऱ्या गाळावरून चालत जावं लागतं.

तलावाचं वय हीच मार्गदर्शिकेचीही पहिली परीक्षा. कोयना धरणाचं पाणी १९६० च्या दशकात या खोऱ्यात चढलं. त्याआधीच्या इंची नकाशांत, म्हणजे एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या, खोऱ्यातून नदी वाहते आणि काठाला आता पाण्याखाली असलेली गावं दिसतात. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे ब्रिटिश सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, धरणाआधीचंच. घाटवाटा, किल्ल्यांचं बांधकाम, जुन्या बाजारपेठा यांसाठी ते आजही वाचावं. त्यातला सातारा आजच्यापेक्षा मोठा आहे. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके त्यातच सापडतात. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं, म्हणून त्या मधल्या वर्षांच्या पुस्तकात ‘सांगली जिल्हा’ शोधत बसू नका. मात्र गॅझेटियर घेऊन वाट शोधायला निघू नये. त्यातले मैल हे घोड्यावरून फिरणाऱ्या साहेबाचे.

आजच्या मार्गदर्शिका पारखायला वासोट्याचं एक प्रकरण वाचलं की पुरतं. गडावर किंवा जवळच्या नागेश्वराच्या गुहेत मुक्काम करा असं लिहिलं असेल, पायथ्याच्या मेट इंदवली गावात जेवणाची सोय होते असं लिहिलं असेल, तर मजकूर जुना आहे, आवृत्तीचं साल कितीही नवं छापलेलं असो. कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा; गाव उठलेलं आहे आणि आत रात्री राहता येत नाही. बामणोलीला वनखात्याची परवानगी, पायथ्याच्या चौकीवर सामानातल्या प्लास्टिकची नोंद आणि दिवस मावळायच्या आत परती, हे तिन्ही नसेल तर ते पान फक्त इतिहासापुरतं वाचा. हीच गोष्ट नकाशाला लागू. शीटवर किंवा अॅपवर वाट दिसते म्हणजे तिथून जायला परवानगी आहे असं नाही. नागेश्वरावरून कोकणात चोरवण्याकडे उतरणारी वाट नकाशात छान दिसते, पण तिचं विचारायचं ते वनखात्याच्या कार्यालयात.

दुसरी परीक्षा उंचीची. वासोट्याची उंची कुठे ११७१ मीटर तर कुठे ४२६७ फूट छापलेली असते. ४२६७ फूट म्हणजे १३०० मीटर, दोन्ही एकाच डोंगराचे असू शकत नाहीत. शीट उघडा, दर १०० मीटरची जाड रेष धरून माथ्यापर्यंत रेषा मोजा, शेवटची रेष ११६० ची निघाली तर १३०० चा आकडा बाद. ज्या पुस्तकात असे आकडे न पडताळता उतरवले आहेत त्यातल्या वेळाही जपूनच घ्याव्यात.

वेळ स्वतः काढता येते. तलाव पूर्ण भरला की पाण्याची पातळी सुमारे ६५९ मीटर. माथा ११७१ धरला तर चढ पाचशे मीटरच्या थोडा वर. ताशी ४ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त, या हिशोबाने नुसत्या चढाचीच ५० मिनिटं होतात. अंतर नकाशावर पट्टीने न मोजता दोऱ्याने मोजा, आणि त्यातही वीस-पंचवीस टक्के वाढवा, कारण या प्रमाणात लहान वळणं गाळलेली असतात. विश्रांतीसकट वर जायला दोन ते अडीच तास लागतात. बामणोलीहून लाँचला जवळपास दीड तास एका बाजूला. हे सगळं जोडलं की सकाळची पहिली लाँच का धरायची ते आपोआप कळतं.

जंगलातला फाटा हा शब्दांचा गोंधळ उडवणारा टप्पा. एक वाट वासोट्याला, दुसरी नागेश्वराला. पुस्तकात ‘ओढ्याच्या डाव्या काठाने’ असं असेल तर लेखकाला कोणती डावी म्हणायची आहे ते त्याच पुस्तकातल्या माहितीच्या एखाद्या वाटेवर आधी तपासा. नदीशास्त्रात डावा काठ पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून धरतात. आपण ओढ्याच्या उलट चढत असतो, तेव्हा तो काठ आपल्या उजव्या हाताला येतो. चांगली मार्गदर्शिका काठ सांगत नाही, खूण सांगते: ओढ्याजवळचं मारुती-गणपतीचं ठाणं, मोठा दगड, वनखात्याची पाटी. रेखाटनाचा नकाशा असेल तर त्यावर उत्तर दिशा आणि प्रमाण आहे का बघा. दोन्ही नसेल तर त्यावरून फक्त क्रम घ्या, अंतर घेऊ नका.

माथ्यावर बाबू कड्याच्या बाजूला शीटवरच्या रेषा एकमेकींवर चढून तपकिरी पट्टा होतो, तो कडा ओळखायला सोपा. न दिसणारी गोष्ट अधिक जपावी. दोन रेषांमधल्या २० मीटरमध्ये १५ मीटरचा सरळ कातळटप्पा आरामात लपतो. म्हणून ‘रेषा विरळ आहेत, इथून उतरून जाऊ’ हा तर्क सह्याद्रीत कधीही लावू नये.

खरेदीचं म्हणाल तर या फेरीसाठी ४७ जी/१० आणि जी/१४ या भागांचे नवे ‘ओपन सीरीज’ नकाशे, एक ऑफलाइन अॅप आणि परवानगीचा मजकूर ताजा असलेली एक मराठी मार्गदर्शिका एवढं पुरे. रंगीत छायाचित्रांची जाड पुस्तकं घरी ठेवा, आणि नेणार असाल तर लागणाऱ्या पानांची झेरॉक्स न्या. एसटीच्या वेळा कुठल्याही पुस्तकातून घेऊ नका. सातारा स्थानकावर बामणोली गाडीची परतीची वेळ चौकशी खिडकीवर विचारून शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवा. लाँचवाल्यांची आणि वनखात्याच्या कार्यालयाची वेळही तिथेच, पेन्सिलने.