कॅजुन सॉसच्या मुळाशी जाताना: पूल टाळा आणि आजीची बाटलीही टाळा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमधील एका दुकानात मी चौदा डॉलर मोजून लाल सॉसची एक बाटली घेतली, आणि या प्रवासाचे खरे कारण ती बाटलीच ठरली. तिच्यावर हातात लाकडी डाव धरलेल्या, पांढऱ्या केसांच्या एका आजीबाईंचे चित्र होते आणि दलदलीच्या प्रदेशातील कॅजुन (म्हणजे तिथल्या मूळच्या फ्रेंच भाषक) घराण्याची पाच पिढ्यांची गुप्त कृती आत असल्याचे लिहिले होते. खोलीवर येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा कळले की सॉस दुसऱ्याच राज्यात भरलेला आहे, घटकांत पाणी पहिले आणि मिरची तिसरी आहे, शिवाय दाटपणासाठी डिंकही घातलेला आहे. ज्याने एकदा तरी पाट्यावर रगडलेला ठेचा खाल्ला आहे, त्याने तो सॉस चाखून लहान मुलाच्या ताटात वाढला असता. पत्नीचे म्हणणे होते की बाटली परत करावी आणि विषय संपवावा. मी मात्र ठरवले की लुइझियानाचा प्रसिद्ध टबॅस्को सॉस जिथे जन्मला, त्या एव्हरी आयलंडला जाऊन सगळे डोळ्यांनी पाहायचे.

गाडी भाड्याने घेता येते, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय आहे आणि मे महिन्यातील कोकणासारखी दमट हवा सोसते, हे वाचकांच्या बाबतीत मी गृहीत धरतो. न्यू ऑर्लिन्सहून एव्हरी आयलंड सुमारे २२५ किलोमीटरवर आहे आणि जाण्याचे रस्ते दोन आहेत. एक हूमा आणि मॉर्गन सिटीवरून जाणारा महामार्ग ९०, दुसरा बॅटन रूज आणि लाफाएटवरून जाणारा आंतरराज्य महामार्ग १०. फोनमधील नकाशाने दुसरा सुचवला आणि मी निमूटपणे ऐकला. पहिला दणका बॅटन रूजला मिसिसिपीवरच्या पुलाआधी बसला, कारण तेथे रस्ता आखडतो आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तरी तो काहीच नव्हता.

खरी शिक्षा पुढे अचाफलाया खोऱ्यावरच्या पुलावर झाली. हा पूल १८ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर लांब आहे. जाण्यायेण्याचे दोन समांतर पूल, मधे काळे पाणी, पाण्यात सायप्रसचे बुंधे आणि एवढ्या अंतरात खाली उतरण्याच्या वाटा फक्त दोन: व्हिस्की बे आणि ब्यूट ला रोझ. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला आणि आम्ही त्या दोन वाटांच्या मधोमध सव्वातीन तास उभे होतो. वळता येत नाही, उतरता येत नाही, सावली नाही, आणि नैसर्गिक विधीचे नाव काढण्याची सोय तर नाहीच नाही. वातानुकूलन चालू ठेवावे तर पेट्रोलचा काटा खाली जाई आणि बंद केले तर चार मिनिटांत सदरा अंगाला चिकटे. आमच्याजवळ अर्धी बाटली पाणी आणि चौदा डॉलरचा तो सॉस एवढाच शिधा होता. पुढच्या गाडीतील एक गृहस्थ कठड्याशी टेकून पांढरे बगळे मोजत होते. त्यांची मोजणी एकेचाळीसवर पोचली तेव्हा रांग हलली. म्हणून स्पष्ट सांगतो: या पुलावर जाऊ नका. जावेच लागले तर टाकी अर्धी तरी भरलेली, माणशी दोन लिटर पाणी आणि ब्यूट ला रोझच्या स्वागत केंद्रावरील स्वच्छतागृह, या तीन गोष्टींचा हिशोब आधी करा. या सल्ल्यात माझा त्या दिवशीचा संताप मिसळला आहे हे मला ठाऊक आहे, तरीही सल्ला बदलत नाही.

पूल संपताच हेंडरसनजवळच्या एका खानावळीत आम्ही भुकेने आंधळे होऊन क्रॉफिशचा रस्सा मागवला. गोड्या पाण्यातील या चिमुकल्या शेवंड्याची कॅजुन दंतकथा सुरेख आहे. इंग्रजांनी १७५५ पासून अकेडियातून, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागातून, फ्रेंच भाषकांना हाकलून दिले, तेव्हा तिथले मोठे शेवंडेही त्यांच्यामागोमाग निघाले आणि वाटचालीच्या कष्टाने झिजत झिजत लुइझियानाला पोचेपर्यंत बोटाएवढे उरले. कॅजुन हे नाव अकेडियनचाच अपभ्रंश आहे. पण आमच्या ताटातील शेवंडे वेगळ्याच वाटेने आले होते. क्रॉफिशचा हंगाम साधारण जानेवारी ते जून असतो आणि आम्ही गेलो ऑगस्टमध्ये, त्यामुळे पदार्थांच्या यादीच्या तळाशी आयात मालाची एक फिकट ओळ होती, जी मी बिल दिल्यावर वाचली. हंगाम नसेल तर बूडॅन खा, म्हणजे भात आणि डुकराचे मांस भरलेले सॉसेज. ते बाराही महिने ताजे मिळते आणि स्वस्त असते.

एव्हरी आयलंड न्यू आयबेरिया या गावाच्या नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर आहे आणि नावात बेट असले तरी समुद्रात नाही. सपाट दलदलीतून वर आलेला तो मिठाचा डोंगर आहे. पोटात हजारो मीटर खोल सैंधव आणि माथा जेमतेम पन्नास मीटर उंच, पण आजूबाजूला टेकाडसुद्धा नसल्याने तो गडासारखा भासतो. यादवी युद्धात १८६२ साली येथे खडेमीठ सापडले आणि पुढच्याच वर्षी उत्तरेच्या सैन्याने मिठाचा कारखाना उद्ध्वस्त केला. अलीकडे २०२० च्या डिसेंबरमध्ये खाणीचे छत कोसळून दोन कामगार दगावले, त्यानंतर तेथील खाणकाम थांबले.

टबॅस्कोचा कारखाना तिकीट काढून आपला आपण फिरून पाहायचा असतो. कामाच्या दिवशीच जा, म्हणजे बाटल्या भरणारा पट्टा चालू सापडण्याची शक्यता अधिक. बाकी दालने भराभर उरकली तरी चालतील, पण पिंपांच्या कोठीपाशी थांबा. मिरची पिकून नेमकी लाल झाली की नाही, हे तोडणारे मजूर एका छोट्या लाल काठीशी रंग ताडून ठरवत. त्या काठीचे फ्रेंच नाव 'ल पेती बातों रूज'. बॅटन रूज या शहराच्या नावाचा अर्थही लाल काठीच, म्हणजे ज्या शहराने सकाळी आम्हाला रखडवले त्याचीच धाकटी बहीण इथे भेटली. तोडलेली मिरची मिठासह दळून ओकच्या पिंपांत भरतात. ही पिंपे एकेकाळी व्हिस्कीची होती. झाकणाला छिद्रे असतात आणि त्यावर मिठाचा जाड थर रचतात. आतला वायू त्यातून बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. ओलसर होऊन दगडासारखी घट्ट झालेली ती मिठाची टोपी मी जवळून पाहिली, तेव्हा आमच्या घरच्या लोणच्याच्या बरणीवरचा मिठाचा थर आणि फडक्याचा दादरा आठवला. तीन वर्षांपर्यंत मुरलेला लगदा व्हिनेगरमध्ये काही आठवडे ढवळतात, मग साल आणि बी गाळून टाकतात. घटक तीनच: व्हिनेगर, मिरची, मीठ. लगद्याचा वास नाकात शिरला की टाळूपर्यंत झिणझिण्या येतात. पिंपावर वाकून छाती भरून श्वास घेऊ नका, मी घेतला आणि पाच मिनिटे आंधळ्यासारखा भिंत धरून उभा होतो.

आता आजीबाईंचा प्रश्न. टबॅस्को सॉसचे जनक एडमंड मकिल्हेनी हे ना कॅजुन होते, ना लुइझियानाचे मूळ रहिवासी. मेरीलँडमध्ये जन्मलेले, न्यू ऑर्लिन्सला बँकेत पैसा कमावलेले आणि यादवी युद्धाने धुऊन निघालेले हे गृहस्थ सासुरवाडीच्या मळ्यात येऊन राहिले. तेथे १८६८ मध्ये विक्रीसाठी मिरचीचे पहिले पीक घेतले, १८६९ मध्ये ६५८ बाटल्या विकल्या आणि १८७० मध्ये पेटंट मिळवले. म्हणजे या सॉसच्या मुळाशी आजी नाही, दिवाळे निघालेला जावई आहे. मिरचीचे बी मेक्सिकोहून परतलेल्या ग्लीसन नावाच्या सैनिकाने त्यांना दिले ही कथा पिढ्यान् पिढ्या चालत आली. दुसरा पक्ष म्हणतो की मॉन्सेल व्हाइट नावाचा मळेवाला ही मिरची आधीपासून लावत होता, आणि १८५० च्या एका वृत्तपत्रात त्याच्या मिरचीचा उल्लेख खरोखरच आहे. मला स्वतःला दुसऱ्या पक्षात अधिक दम वाटतो. टाकून दिलेल्या अत्तराच्या कुप्यांत पहिला सॉस भरल्याची कथाही गोड आहे. वास्तविक त्यांनी तशाच आकाराच्या कोऱ्या कुप्या विकत घेतल्या होत्या. चक्रीवादळात मकिल्हेनींच्या मुलाच्या पिंजऱ्यांतून न्यूट्रिया हे उंदरासारखे प्राणी सुटून दलदलीभर पसरले, हीही लोककथा. कंपनीचेच इतिहासकार शेन बर्नार्ड यांनी कागदपत्रे तपासून दाखवले की त्या मुलाने ते १९३८ मध्ये सेंट बर्नार्ड भागातून विकत आणले होते, राज्यात ते आणणारा तो पहिला नव्हता आणि पुढे त्याने ते जाणूनबुजून सोडले. याच मुलाने, एडवर्डने, टोप्यांवरच्या पिसांसाठी होणाऱ्या शिकारीत संपत चाललेल्या पांढऱ्या बगळ्यांची आठ पिल्ले पाळून १८९५ च्या सुमारास तिथे पक्ष्यांची वसाहत उभी केली. पुलावरचे एकेचाळीस बगळे मला तेव्हा जरा क्षम्य वाटले.

आणखी एक भ्रम तिथे फिटला. बाटलीतील बहुतेक मिरची आता लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेत पिकते. बियाणे मात्र एव्हरी आयलंडवर राखतात आणि येथूनच पाठवतात. याचे मला वाईट वाटले नाही. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, तरी ठेचा आपलाच आहे.

एव्हरी आयलंडवरची जंगल गार्डन्स ही बाग आणि न्यू आयबेरिया यांतील पुढचे दोन दिवस सुखात गेले, त्यात सांगण्यासारखे विशेष नाही. खरेदी मात्र तिथल्या साध्या किराणा दुकानात करा. १८९८ मध्ये मकिल्हेनींच्याच एका जुन्या कर्मचाऱ्याने काढलेला ट्रॅपीज आणि न्यू ऑर्लिन्समध्ये १९२३ साली सुरू झालेला क्रिस्टल हे सॉस तिथे मला प्रत्येकी तीन डॉलरच्या आत मिळाले. टबॅस्को आंबट आणि धारदार आहे, क्रिस्टल सौम्य आणि मिरचीच्या चवीचा. भातावर मला क्रिस्टल आवडला आणि अंड्यांवर टबॅस्को.

परतताना महामार्ग ९० धरला आणि तीन तासांच्या आत न्यू ऑर्लिन्स गाठले. मोठ्या बाटल्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात घाला. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरपुढचा सॉस चालत नाही. हे ठाऊक असूनही एक बाटली माझ्या खांद्यावरच्या पिशवीत राहिली होती. तपासणी करणाऱ्या बाईंनी ती दिव्यासमोर धरली, आजीबाईंचे चित्र पाहून हसल्या आणि घरची कृती आहे का असे विचारले. मी नाही म्हणालो आणि बाटली त्यांच्या टोपलीत आनंदाने जाऊ दिली.