सासरच्या लोहाराचं मृत्युपत्र

बाबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो, तिथे या सगळ्याला सुरुवात झाली. रामकुंडावरचे विधी आटोपल्यावर गुरुजींनी कापडात बांधलेली लांबुडकी वही सोडली. गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि दहा मिनिटांत माझ्या पणजोबांच्या हातचा मजकूर पुढ्यात ठेवला. मोडीतला. खाली त्यांची सही. मला त्यातलं अक्षर लागेना, पण हात लावून बघितला. गुरुजींनी बाबांची नोंद केली, आम्हा भावंडांची केली आणि मग माझ्या नवऱ्याकडे वळून सहज विचारलं, "जावईबापूंचं मूळ गाव? आजोबा, पणजोबा?"

जावईबापू इंग्रज. डोक्यावर पंचा टाकून बिचारा उन्हात उभा होता. मी विचारलेलं समजावून सांगितलं. आजोबांचं नाव त्याने पटकन सांगितलं, पणजोबांपाशी गाडी अडली. "डेव्हन," एवढंच म्हणाला. इंग्लंडमधली ती एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या खेपेला माहिती काढून आणा."

ब्रिस्टलला परत आल्यावर सासूबाईंना विचारलं. (समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहायला बसलं की सासूबाईच होतं.) त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचे लोक क्रेडिटनच्या बाजूचे. लोहार होते म्हणतात. मला काय विचारतेस, मी लग्न होऊन आले." म्हणजे तिथेही सासरच्यांची चौकशी करायची ती सुनांनीच.

पहिला टप्पा सोपा गेला. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ला सुरू झाली आणि जनगणनेत घराघरातल्या माणसांची नावं १८४१पासून मिळतात. त्यावरून मागे मागे जात नवऱ्याचा एक पूर्वज १८४१ साली डेव्हनपोर्टला सापडला. आरमाराच्या गोदीत लोहारकाम करणारा. क्रेडिटनजवळच्या मूळ गावच्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली. बाप लोहार, आईचं नाव अमुक. त्याच गावात १८४१ला त्याच आडनावाची एक विधवा दिसली. बाप मात्र तोवर गेलेला. पुढे काही नाही.

तेव्हा कुणीतरी सुचवलं, मृत्युपत्रं बघ.

मला हसूच आलं. लोहार कसलं मृत्युपत्र करतो? आमच्याकडे मृत्युपत्र म्हटलं की बंगला, दागिने आणि भाऊबंदकी. पण तिकडे छोटे शेतकरी, विणकर, खाटीक, गावातले कारागीर असे बरेच जण करून ठेवत. शेतमजुरांची क्वचितच मिळतात. नवरा हयात असलेल्या बाईचं तर जवळजवळ नाहीच, कारण १८८२च्या कायद्याआधी नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला ते करताच येत नव्हतं. विधवा आणि अविवाहित बायका मात्र करू शकत, आणि केलं की बारीकसारीक सगळं लिहीत. कुठली चादर कुणाला, कुठला काळा झगा कुणाला.

यात एक तारीख पाठ करून ठेवायची: १२ जानेवारी १८५८. त्या दिवसापासून इंग्लंड आणि वेल्समधली सगळी मृत्युपत्रं सरकारकडे आली. त्यांची वर्षवार छापील यादी आहे आणि ती घरबसल्या चाळता येते. नाव, धंदा, कधी वारला, कुठे वारला, मागे मालमत्ता किती, सगळं दोन-चार ओळींत. शोधताना मी एक मूर्खपणा केला. मृत्यूचं वर्ष टाकून बघत राहिले. यादी असते ती प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला अधिकृत मंजुरी, मिळाल्याच्या वर्षाची, आणि प्रोबेट कधी कधी फार उशिरा घेतलेलं असतं. पुढची दोन वर्षं चाळल्यावर ती विधवा सापडली. मालमत्ता शंभर पौंडांच्या आत. तेव्हा फी दीड पौंड होती, ती भरून प्रत मागवली, आठवड्याभरात आली.

तिने सगळं आपल्या मुलाला दिलं होतं. पण त्या मुलाचं आडनाव वेगळंच! आणि आमच्या गोदीवाल्याचं नावसुद्धा नाही. एका वाक्यात मात्र नवऱ्याच्या मृत्युपत्राचा उल्लेख होता. म्हणजे लोहाराने खरंच मृत्युपत्र केलं होतं.

आता १८५८च्या मागे जायचं होतं, आणि तिथे सरकार नाही, चर्च. बापाची भांडीकुंडी कुणाला मिळणार हे ठरवायला चर्चची कोर्टं होती. साधारण हिशोब असा: माणूस लहान आणि सगळं एकाच भागात असेल तर आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं कोर्ट. त्याहून पसारा मोठा असेल तर बिशपचं. आणि एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत पाच पौंडांहून जास्त किमतीची मालमत्ता असेल तर कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपचं. कँटरबरीची दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, यॉर्कची यॉर्क विद्यापीठात. बाकीची बहुतेक ज्या त्या काउंटीच्या दफ्तरखान्यात. विल्टशरची चिपनमला, लँकेशरची प्रेस्टनला.

आणि डेव्हनची?

डेव्हनची जळाली. जवळजवळ सगळी एक्सेटरला प्रोबेटच्या कचेरीत एकत्र ठेवलेली होती. ३ मे १९४२च्या रात्री जर्मन विमानं आली आणि पहाटेपर्यंत शहराच्या मध्यवस्तीची राख झाली. बेडेकर (आपले नव्हेत, जर्मन प्रकाशक) यांच्या प्रवासी मार्गदर्शिकेत नावाजलेली सुंदर शहरं निवडून बॉम्ब टाकत, तो हा हल्ला. त्या एका रात्रीत डेव्हनमधली शेकडो वर्षांची मृत्युपत्रं गेली, शेजारच्या सॉमरसेटचीही गेली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या नारायण पेठेतल्या घराची आठवण झाली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि आजोबांची कागदपत्रांची ट्रंक पाण्याबरोबर गेली. आजी सांगायची, चिखलातून ट्रंक मिळाली ती रिकामी, झाकण उघडं, तळाशी फक्त एक ओला अडकित्ता. नवऱ्याला म्हटलं, तुमचं आगीत गेलं, आमचं पाण्यात. संपला विषय.

संपला नव्हता. एक्सेटरच्या दफ्तरखान्याला मी आशा न ठेवता दोन ओळींचा मेल टाकला होता. उत्तर आलं: तुमचा माणूस १८१२ ते १८५७च्या दरम्यान गेला असेल तर येऊन बघा.

भानगड अशी होती. १७९६पासून तिथे वारशावर कर होता. चर्चच्या कोर्टात मृत्युपत्र मंजूर झालं की त्याची एक नक्कल लंडनला कराच्या कचेरीत जायची. पुढे त्या नकला निकामी ठरल्या आणि बाकीच्या काउंट्यांच्या रद्दीत काढल्या गेल्या. पण एक्सेटरचं मूळ दफ्तर जळालेलं, म्हणून डेव्हन, कॉर्नवॉल आणि सॉमरसेटच्या १८१२पासूनच्या नकला वाचवून त्या त्या काउंटीला दिल्या. ज्यांची अस्सल कागदपत्रं जळाली त्यांच्या नकला राहिल्या. आणि राहिल्या त्या करवसुलीच्या कृपेने. नाशिकच्या वहीचं तरी वेगळं काय आहे? यजमान कुणाचा आणि दक्षिणा कुणाची, हे ठरायला हवं म्हणून तर ती पिढ्यान् पिढ्या जपली. प्रेमाने जपलेल्या ट्रंका वाहून जातात.

दफ्तरखान्यात पिशवी बाहेर कपाटात, पेन बंद, फक्त पेन्सिल. फोटो काढायचे तर दिवसाचे वेगळे पैसे. कागद ठेवायला स्पंजाची उशी. घडी घातलेला कागद, उलगडताना धूळ नाही की वास नाही, इतका निगुतीने ठेवलेला. अक्षर कारकुनाचं, सुरेख वळणदार, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एक स्वल्पविराम नाही. आजोबा मोडीबद्दल म्हणायचे, शब्द कुठे तोडायचा हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याने आपलं नशीब काढायचं. तसंच हे. दोन तास लागले एका पानाला.

लोहारबुवांनी लिहून ठेवलं होतं ते असं. राहतं घर आणि मागची बाग बायकोला, पण ती विधवा राहील तोवरच. ऐरण, भाता आणि सगळी हत्यारं जावयाला. पिसांची गादी एका पुतणीला. आणि मुलाला, म्हणजे आमच्या गोदीवाल्याला, एक शिलिंग.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या गप्प. मग म्हणाल्या, "एक शिलिंग? पोटच्या पोराला?"

मी समजूत घातली की शिलिंग दिला म्हणजे घराबाहेर काढला असं दर वेळी नसतं. पुष्कळदा मुलाला त्याचा वाटा आधीच मिळालेला असतो आणि विसरून गेलो असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून नाव घालतात. त्यांना पटलं नाही. मलाही पुरतं पटलं नव्हतं. शिवाय जावयाला ऐरण म्हणजे मुलगी असणार, म्हणून मी त्या मुलीच्या लग्नाची नोंद शोधायला लागले. त्या गावची, शेजारच्या चार गावांची, क्रेडिटनची. पंधरा दिवस संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याकडे. लग्न नाहीच. एक मुलगी जन्मलेली सापडली, ती वर्षाची व्हायच्या आत गेलेली.

शेवटी क्यूला गेले. तिथे त्या वारसा-कराची रजिस्टरं आहेत. प्रत्येक पानावर रकाने: मयत कोण, कुणाला काय दिलं, त्याचं मयताशी नातं काय. नातं एवढ्यासाठी की कराचा दर नात्यावर होता. बायकोला माफी, मुलांना शेकडा एक, भावंडांना तीन, रक्ताचं नातं नसलेल्याला दहा. आपल्या लोहाराच्या ओळीत, जावयापुढे, संक्षिप्त अक्षरं होती. मला उलगडेनात. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाल्या, "रक्ताचं नातं नाही. सावत्र मुलगा असेल, बायकोचा आधीचा. त्या काळी सावत्र मुलालाही जावयाच्याच शब्दाने लिहायचे."

मी कपाळाला हात लावला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव वेगळं होतं, विधवेच्या मृत्युपत्रातल्या मुलाचं आडनाव वेगळं होतं, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर. पण 'सन इन लॉ' म्हणजे जावई हे डोक्यात पक्कं बसलेलं. चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ असे चार कप्पे असलेल्या भाषेत वाढलं की एका शब्दात दोन नाती कोंबणारे लोक असतील हे सुचतच नाही. त्यांचा 'कझिन'सुद्धा जुन्या मृत्युपत्रांत बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा निघतो.

म्हणजे गोदीवाला पहिल्या बायकोचा. तो डेव्हनपोर्टला निघून गेला, मागे भट्टीपाशी बापाच्या जोडीला राहिला तो सावत्र. घण मारणाऱ्याला ऐरण मिळाली. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांचा सूर जरा खाली आला, पण शिलिंग त्यांच्या घशात अडकलेलाच होता.

तो मोकळा झाला घराच्या कलमामुळे. पहिल्यांदा वाचताना ते मी कायद्याची बडबड म्हणून सोडून दिलं होतं. डेव्हनकडे पुष्कळ घरं मालकीची नसत, तीन जिवांच्या पट्ट्यावर असत. जमीनदाराशी करार करताना तीन माणसांची नावं घालायची. त्यातला शेवटचा माणूस मरेपर्यंत, किंवा नव्याण्णव वर्षं, जे आधी होईल तोवर घर तुमचं. धडधाकट पोरांची नावं घालायची हे ओघानेच आलं. लोहाराच्या पट्ट्यातले दोन जीव गेले होते. उरलेला एक जीव, कागदावर स्पष्ट नावानिशी, आमचा गोदीवाला. शिलिंगवाला.

"म्हणजे," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तो जिवंत होता तोवर त्या सावत्र आईच्या डोक्यावर छप्पर होतं?"

"हो."

"आणि तिने मृत्युपत्रात त्याचं नावही घातलं नाही." यावर त्या बराच वेळ बोलत होत्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या सासूला त्यांनी जे काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

मृत्युपत्राच्या तळाशी सही नाही. कारकुनाने मधोमध एक फुली काढली आहे आणि तिच्या वर-खाली, डावी-उजवीकडे बारीक अक्षरात लोहाराचं नाव आणि 'त्याची खूण' असं लिहिलं आहे. अस्सल कागदावर लोहाराने जी फुली मारली ती बेचाळीस साली जळाली. ही कारकुनाने तिची केलेली नक्कल. फोटोत ती मोठी करून बघितली तर एक रेघ जरा जोरात ओढलेली दिसते. मूळ फुली तशी होती म्हणून, की कारकुनाची दौत सांडायला आली होती म्हणून, देव जाणे.

बाबांच्या वर्षश्राद्धाला नाशिकला गेलो तेव्हा नवऱ्याने सगळं एका कागदावर लिहून आणलं होतं. गुरुजींनी वही उघडली. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, गोदीवाला, लोहार. गुरुजी एकेक नाव दोनदा विचारून देवनागरीत उतरवत होते. मूळ गाव लिहिलं, धंदा लिहिला. मग म्हणाले, "गोत्र?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"माहीत नसेल तर काश्यप," गुरुजी म्हणाले आणि लिहूनही टाकलं. "इथे सही करा."