शेजारच्या बाईंचा व्हॅम्पायर

इथे अमेरिकेत डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. काम संपवून लॅपटॉप मिटावा तर खिडकीबाहेर काही दिसत नाही. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी विचारलं, "तू 'डार्क शॅडोज' पाहिली नाहीस?" बाई सत्तरीला टेकलेल्या. शाळा सुटली की दप्तर फेकून त्या ही मालिका बघायला बसायच्या.

साबणवाल्यांच्या जाहिरातींवर चालायच्या म्हणून इथल्या दुपारच्या मालिकांना 'सोप' म्हणतात. त्या असायच्या गृहिणींसाठी. ही मात्र पोरांनी पळवली. एबीसी वाहिनीवर १९६६ ते १९७१, सोमवार ते शुक्रवार, एकूण १२२५ भाग. आकडा ऐकून मी हसले, आपल्याकडच्या मालिकांपुढे काय ते कौतुक! आता हसत नाही, कारण मी पहिल्या भागापासून सुरुवात केली.

जाणकार म्हणतात, थेट २१०वा भाग लावा. मी हट्टी. व्हिक्टोरिया विंटर्स नावाची अनाथ मुलगी आगगाडीनं मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट गावी येते, कॉलिनवूड नावाच्या वाड्यात एका मुलाला शिकवायला. वाड्याची मालकीण अठरा वर्षं घराबाहेर पडलेली नाही. हे काम जोन बेनेटनं केलंय. एकेकाळची हॉलिवूडची नायिका, नुसती जिना उतरली तरी बघत राहावं. पण गोष्ट काही पुढे सरकत नाही. एका फाउंटन पेनावरून तर इतके भाग खर्ची पडलेत की शेवटी मीच म्हटलं, बाबांनो, नवीन पेन आणून देते, पण पुढे चला!

मग तो २१०वा भाग. विली लूमिस नावाचा भुरटा दागिन्यांच्या लोभानं कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात शिरतो. शवपेटीला साखळदंड. तो ते तोडतो, झाकण उचलतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. बोटात मोठी अंगठी. बस्स, भाग संपला. पुढच्या भागात बार्नाबस कॉलिन्स वाड्यात हजर. इंग्लंडहून आलेला लांबचा भाऊ म्हणे! हा व्हॅम्पायर खरं तर थोडे आठवडेच ठेवायचा होता. प्रेक्षकांनी त्याला जाऊच दिलं नाही.

आणि आता माझ्या आवडीची गोष्ट. तेव्हा टेप कापून जोडणं खर्चिक, त्यामुळे भाग जवळपास सलग, नाटकासारखा चित्रित व्हायचा. चुकलं तरी पुढे रेटायचं. म्हणून कधी वरून माइक डोकावतो, कधी भिंतीवर त्याची सावली पडते, कधी वाड्याची भिंत दार आपटल्यावर हलते. एका गंभीर प्रसंगात माशी नटाच्या चेहऱ्यावर बसली, पण पठ्ठ्यानं पापणी हलवली नाही. बार्नाबस झालेला जोनाथन फ्रिड कॅनडाचा, रंगभूमीवर मुरलेला, पण रोजची नवी संहिता पाठ करताना त्याची दमछाक व्हायची. वाक्य अडलं की त्याची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, संवाद दाखवणाऱ्या टेलिप्रॉम्प्टरकडे जाते. मला आधी वाटलं, हा दोनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवतोय! खरं कारण कळलं तरी मला अजून तसंच वाटतं. चकचकीत मालिकांमधल्या भुतांना मी घाबरत नाही. याच्याकडे बघताना मात्र जीव टांगणीला लागतो: चावा चुकेल म्हणून नाही, वाक्य चुकेल म्हणून.

ऑगस्ट १९६७मध्ये मालिका रंगीत झाली. मी तिथवर पोचले तेव्हा बाईंना बोलावलं. त्यांच्या घरी तेव्हा कृष्णधवल टीव्ही होता, त्यामुळे शेवटपर्यंत त्यांनी सगळं करड्या रंगातच पाहिलेलं. पडद्यावर बार्नाबस आला. बाई पुढे वाकल्या, चष्मा सारखा केला.

"अगं, हा तर नुसता मेकअप आहे," त्या म्हणाल्या. "रंग घालव."

मी सेटिंगमध्ये शिरून रंग शून्यावर आणला. मग आम्ही सलग तीन भाग पाहिले.