जाळीमागची काच

आईचं आजोळ ग्वाल्हेरचं. नीट सांगायचं तर लश्करचं, कारण आजी माहेराला कधी ग्वाल्हेर म्हणायचीच नाही. ग्वाल्हेर म्हणजे किल्ल्यापलीकडचं जुनं गाव, आपलं ते लश्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवून किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. त्या छावणीचंच शहर झालं आणि नावही तेच राहिलं. आजी "बाड्यावर जाऊन येते" म्हणायची, तेव्हा मला वाटायचं हा तिचा खास उच्चार. जयाजीरावांच्या पुतळ्याभोवतीच्या त्या महाराज बाड्यावर उभी राहिले तेव्हा कळलं की आपला वाडाच तिथे बाडा झालाय. जवळची दाणाओळी पाट्यांवर 'दाना ओली' आहे. आईने ती पाटी मोठ्याने वाचली, मग आजीसारखी म्हणून पाहिली, आणि बराच वेळ रस्त्यातच उभी राहिली.

आजीच्या माहेरचा वाडा पाडून तिथे दुकानांची इमारत झाली आहे, हे आम्हाला माहीत होतं. आईची इच्छा एवढीच होती की लश्करात एकदा तरी दगडी वाड्यात झोपायचं, मेच्या सुट्टीत झोपायची तसं. आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, त्यामुळे मला कमोड, गीझर आणि एसी हवा होता. दोन्ही जमेल अशी एकच जागा सापडली. सराफ्याच्या मागच्या गल्लीत एका दुमजली वाड्याचा पुढचा निम्मा भाग दुरुस्त करून त्याचा आलिशान फ्लॅट केलेला. रात्रीचे साडेसात हजार. तीन रात्रींचे पैसे भरले आणि झेलम एक्स्प्रेसने पुण्याहून निघालो.

पहिलं दर्शन फार सुंदर होतं, हे मान्य करते. पिवळसर वालुकाश्माच्या कमानी घासून स्वच्छ केलेल्या, छताच्या लांब दगडी पट्ट्या (तिकडे त्यांना पटिया म्हणतात) मुद्दाम उघड्या ठेवलेल्या, कोनाड्यांत मंद दिवे. बाथरूम तर इतकं विचारपूर्वक केलेलं, की धरायला दांडा, बसायला दगडी ओटा, न घसरणारी फरशी. आई म्हणाली, आजोळी रात्री उठायचं म्हणजे कंदील घेऊन खाली जावं लागायचं.

एक खूण मात्र मी पहिल्याच दुपारी पाहिली. पलंगामागच्या भिंतीचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला लागली. लोणा. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते आणि खार बाहेर फुटतो. हे मी कुठे वाचलेलं नाही. पुण्यातल्या आमच्या घराची भिंत आम्ही अशीच बिघडवली आणि मग दोनदा पैसे मोजून चुन्याचा गिलावा करून घेतला. त्या भिंतीसमोर बसून मला खरोखर वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी किल्ला, मानमंदिर, तेली का मंदिर आणि चतुर्भुज मंदिरातला, शून्य हा अंक कोरलेला जुना शिलालेख झाला. ऊन ४५ अंशांचं, त्यामुळे जयविलास पॅलेस सोडून दिला. संध्याकाळी हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीवर गेलो. शेजारी सूफी संत महंमद गौसांची भव्य कबर आहे, चारी बाजूंनी दगडी जाळ्यांनी वेढलेली. बाहेर अंगाची लाही होत होती. आत जाळीजवळ बसलो तर झुळूक येत होती. आई तिथून उठायलाच तयार नव्हती.

रात्री साडेअकराला लाइट गेली. इन्व्हर्टरवर दिवे आणि एक पंखा चालला, एसी बंद. सांभाळणाऱ्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, "दीदी, ट्रान्सफॉर्मर गया है, टाइम लगेगा." मी खिडकी उघडायला गेले आणि तेव्हा लक्षात आलं की ती उघडतच नाही. बाहेरच्या बाजूला इतकी देखणी दगडी जाळी, आणि तिच्या आत जाड काच, चारी कडांनी सिलिकॉन भरून कायमची बसवलेली. धूळ आणि कबुतरं नकोत म्हणून. सगळ्या खिडक्या तशाच. जिन्याकडचं दार उघडून चौकात डोकावले, तर चौकावर पारदर्शक पत्रा घातलेला. चौक म्हणजे वाड्याचं धुराडं, तापलेली हवा तिथून वर निघून जायची. ती वाट बंद केल्यावर दिवसभराची सगळी ऊब तिथेच साचून राहिली होती. तासाभरात खोलीत बसवेना. आईचा चेहरा लालबुंद झाला. मी ओल्या पंचाने तिचे हात पुसत होते आणि रात्री एक वाजता आईला घेऊन हॉटेल कुठे शोधायचं, याने मला रडू येत होतं.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"अहो, जाग्या आहात का? फार उकडून राहिलं असेल तुम्हाला. त्या टेबलामागे दार आहे, आपल्या बाजूची कडी काढा."

बैठकीच्या खोलीत कोरीव पायांचं लांबट टेबल होतं, वर पितळी घोडा. घोडा उतरवला, टेबल ओढलं. मागे खरंच बुटकं सागवानी दार होतं, भिंतीच्याच रंगात रंगवलेलं. कडी रंगात चिकटली होती. चप्पल मारून मारून ती सोडवली. पलीकडे नऊवारीतल्या काकू टॉर्च घेऊन उभ्या. वय ७८. वाड्याचा मागचा निम्मा भाग त्यांचा, पुढचा पुतण्याच्या वाट्याचा. वाटणी झाली तेव्हा हे दार बंद झालं होतं.

"वाकून या, डोकं सांभाळा," त्या आईला म्हणाल्या. आई वाकली, आत गेली आणि तिथेच थांबली. पलीकडे हवा होती. दार तेच, भिंत तीच, मधे अडीच हातांचं अंतर, आणि खिडकीच्या जाळीतून सरळ अंगावर वारा.

काकूंनी माठातलं पाणी दिलं, मग पन्हं. ग्वाल्हेरात दोन दिवस आम्ही भाजलेल्या कैरीचं, जिरं, पुदिना आणि काळं मीठ घातलेलं पन्हं पीत होतो, तेही छान असतं. हे गुळाचं होतं, वेलदोडा घातलेलं. आईने पहिला घोट घेतला आणि भांडं दोन्ही हातांत धरून बसली. "आमच्याकडे असंच होतं," एवढंच म्हणाली.

मग ती त्या जाळीपाशी गेली. मी टॉर्च धरला. अखंड दगडातून कोरलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी जाड, सहा पाकळ्यांचं फूल आणि त्याला चिकटून पुढचं फूल. वरच्या फुलांच्या कडा अजून धारदार होत्या. खाली, लहान मुलाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवरच्या, साबणासारख्या गुळगुळीत झालेल्या. आईने खालच्या एका पाकळीत तर्जनी घातली. आजोळच्या जाळीत तिचं बोट एकदा अडकलं होतं, मामाने तेल लावून सोडवलं होतं. ही गोष्ट मी ४६ वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

"आमच्या सगळ्या पोरांची बोटं गेलीत त्याच्यात," काकू म्हणाल्या.

झोपायला त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. संध्याकाळी दोनदा बादल्या ओतून गच्ची निववलेली, त्यावर सतरंज्या. किल्ल्याची काळी लांब कड दिसत होती. दोघी पहाटेपर्यंत बोलत होत्या: गोरखी या शिंद्यांच्या जुन्या वाड्यातल्या देवघराबद्दल, गणपतीत होणाऱ्या गाण्यांबद्दल, कोण कोण पुण्याला आणि इंदूरला निघून गेलं त्याबद्दल. मी मधेच झोपले. लाइट साडेचारला आली, खाली जायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

सकाळी काकूंचं घर नीट दिसलं. छताची एक पटिया तडकलेली, तिला खालून लोखंडी गर्डर दिलेला. तो गर्डर पुतण्याने फ्लॅटच्या भाड्यातून बसवून दिला. त्यांचं न्हाणीघर अजून खाली चौकात आहे, १९ पायऱ्या उतरून. "मला तुमच्या बाजूचं बाथरूम फार आवडतं," त्या म्हणाल्या. दुरुस्ती झाली नसती तर हा वाडाही आजीच्या माहेरासारखा गेला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच राग आला. दगड घासायला, दिवे लावायला इतका खर्च केला, आणि ज्यासाठी तो दगड असा कोरला होता ती हवाच बंद केली. काचेला बिजागऱ्या लावायला किती लागतात? कबुतरांसाठी आतून बारीक जाळीची चौकट बसवता येते, आमच्या घरी आहे.

हे सगळं मी मालकांना लिहिलं, भिंतीवर फुटलेल्या खाराचा फोटोही पाठवला. उत्तर सभ्य आलं: दोन खिडक्यांच्या काचा दिवाळीपर्यंत उघडत्या करतील, चौकावरच्या पत्र्याचं पावसामुळे कठीण आहे. मी परत लिहिलं की पत्रा हातभर उचलून चारी बाजू मोकळ्या ठेवा, पाऊसही अडेल. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही अशी जागा घेणार असाल तर फोटो पाहून भुलू नका, आधी फोन करून विचारा की कोणती खिडकी उघडते. मी विचारलं नव्हतं, आणि आईला तास-दीड तास त्या खोलीत बसवलं, ते मला अजून टोचतं.

तिसरी रात्र आम्ही गच्चीवरच काढली. साडेसात हजारांच्या पलंगावर फक्त बॅगा होत्या.

निघताना काकूंनी पन्ह्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. आईने ती गाडीत मांडीवरच ठेवली होती. झाशीपर्यंत गार राहिली.