एल्ट्सच्या किल्ल्यात आईबाबांसोबत

जर्मनीतल्या एल्ट्सच्या किल्ल्यापाशी गाडीने जाता येतं, पार्किंगपासून शटलही मिळते. आम्ही मात्र कोब्लेंझहून लोकल धरून मोझेलकर्नला उतरलो. तिथून ओढ्याच्या कडेने, जंगलातून पायवाट जाते. आईच्या गुडघ्यांची धास्ती होती. पण वाट बरीचशी सोपी, दम निघतो तो शेवटच्या चढावर. आणि पायी आलं की झाडीतून एकदम सगळे बुरूज समोर उभे राहतात, ते पार्किंगच्या बाजूने यायला नको वाटावं इतकं झकास!

तिकीट काढलं म्हणून लगेच आत सोडत नाहीत. खोल्या गाइडबरोबरच बघायच्या, फोटो काढायला मनाई. इंग्रजी गटाची वाट बघत चौकात थांबलो. बाबा मान वर करून म्हणाले, "अरे, ही तर घरंच आहेत. तट कुठाय?" प्रश्न रास्त होता. एकाच घराण्याच्या रुबेनाख, रोडेनडॉर्फ आणि केंपेनिख या तीन शाखांनी एकाच खडकावर आपापली बिऱ्हाडं थाटली, जागा संपली तशी ती उंच चढवली. "म्हणजे भाऊबंदांत वाटणी झालेला वाडाच की," बाबांनी निकाल दिला. साडेआठशेहून जास्त वर्षं मालकी त्याच घराण्याकडे आहे. १३३१ ते १३३६ या काळात ट्रियरच्या आर्चबिशपशी त्यांचं वैर चाललं. त्याने वेढ्यासाठी समोरच्या टेकडीवर बांधलेली गढी आज पडकी आहे. हा किल्ला शाबूत. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या किल्ल्यांचं काय केलं, हे बाबांनी तिथल्या तिथे मला ऐकवलंच.

आत सगळ्यात रंगलो ते बैठकीच्या दालनात. भिंतीवर विदूषकाचे मुखवटे: इथे मोकळेपणाने बोला. दारावर कोरलेलं गुलाबाचं फूल: पण ऐकलेलं बाहेर नेऊ नका. तिन्ही घरचे कारभारी इथेच बसत म्हटल्यावर दोन्हींची गरज पटते.

आईला पलंग-पडद्यांपेक्षा शौचकूप आवडले. भिंतीतच काढलेले, वर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुतले जाणारे. "बायकांची सोय बघितली होती हो," असं तिने गाइडला मराठीतच सांगितलं.

खजिना त्याच तिकिटात, गाइडशिवाय बघता येतो. चांदीची भांडी पुष्कळ आहेत, आम्ही भराभर उरकलं. हिवाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा नातेवाइकांना बोलवायचं तर उन्हाळ्यातच बोलवा.