इतकं शिकवता, मग गायचं कधी?

मैफल संपल्यावर भेटायला आलेली मंडळी दोन शब्द कौतुकाचे बोलतात आणि मग हमखास विचारतात, "इतकं शिकवता, मग तुमच्या गाण्याचं काय?" त्यात काळजी असते. थोडी शंकाही असते, की गाण्यात काही जमेना म्हणून हिने शिकवण्या धरल्या असाव्यात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी पैशाचं उरकते. अजून नाव व्हायचंय अशा गायिकेच्या तारखा हंगामी. चार कार्यक्रम लागोपाठ, मग महिनेच्या महिने कोरडे. मानधनातून आधी तबला-पेटीच्या साथीदारांचं द्यायचं, मग प्रवास, उरलं तर आपलं. शिकवण्यांचे पैसे मात्र दर महिन्याला येतात. "ख्याल दहा मिनिटांत आटपा, पुढे दोन-तीन नाट्यपदं घ्या" असं सांगणाऱ्या आयोजकाला मी नम्रपणे नाही म्हणू शकते, ते या शिकवण्यांच्याच जोरावर.

आणि शिकवणं हे गळा थकल्यावरचं काम, हे कुणी ठरवलं? भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला 1911 मध्ये, अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिथेच आर्य संगीत विद्यालय सुरू केलं 1913 मध्ये. दोघंही तेव्हा ऐन भरातले गवई होते.

धोका आहे, नाही असं नाही. तो पट्टीत आहे, म्हणजे गाताना सा कुठे धरायचा यात. माझी पट्टी काळी चार, पेटीच्या सप्तकातली चौथी काळी. आवाज फुटलेला मुलगा गातो काळी एकमध्ये. म्हणजे त्याचा षड्ज (सा) हा माझा मध्यम (म), आणि त्याचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, मी गायला तर माझ्या तार सप्तकातल्या मध्यमावर. तिथे एखादी जागा गाऊन दाखवणं वेगळं आणि तासभर त्याच्याबरोबर पलटे, म्हणजे स्वरांचे सराव, घोटणं वेगळं. गळा संध्याकाळपर्यंत खरखरायला लागतो. म्हणून मी एकदाच गाते, मग पेटी धरते आणि ऐकते. पालकांना कधीकधी वाटतं, बाई नुसत्या बसून असतात!

पण हे ऐकणंच मला फळलंय. यमन राग शिकणाऱ्यांचा तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, हटकून उतरतो. "चढव" म्हटलं की हनुवटी वर जाते, मान ताठते आणि सूर आणखीच बिघडतो. मग मी तंबोऱ्याची पहिली तार निषादात (नी) लावून देते आणि सांगते, घटकाभर या निषादालाच षड्ज समज आणि त्याचा पंचम (प) लाव. पोरगी पंचम लावते. तो यमनचा तीव्र मध्यम असतो! तिची हनुवटी जागेवर, चेहऱ्यावर आश्चर्य. हे गणित मला आधीही ठाऊक होतं, पण केवळ ठाऊक होतं. तिला समजावता समजावता माझ्याही यमनमधला तो सूर स्थिरावला. आता त्यावर उभं राहताना मला घाई होत नाही.

मग जातं काय? खरं सांगायचं तर, कान गुंततो. नवख्यांना भूप शिकवायचा, हा खरा संध्याकाळचा राग, तोही सकाळच्या वर्गात, कारण त्यांना वेळ तीच सोयीची. तो तासभर कानात घुमल्यावर देसकार हा सकाळचा राग घेऊन बसावं, तर सूर तेच पाच, चाल मात्र निराळी. देसकारात धैवताला (ध) मान, भूपात गंधाराला (ग). मी धैवतावरून निघते आणि न कळत गंधारावर येऊन विसावते, की झाला भूप. अशा जोडीच्या रागांना मोकळा कान लागतो. अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांचं तर विचारूच नका. त्यांची वाट अजून पक्की झालेली नसते, म्हणून ते आधी पुसले जातात.

त्यामुळे रियाज वर्गाच्या आधी, नंतर कधीच नाही. खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, झाला, मग जो राग बसवायला घेतलाय तो, आणि तोपर्यंत फोन बंद. नव्या विद्यार्थ्याने पहाटेची वेळ मागितली की मी नाही म्हणते. मागे एकांनी दुप्पट फी देऊ केली होती. त्यांच्या मुलाला मी संध्याकाळच्या वर्गात घेतलं, नेहमीच्या फीमध्ये.